नोटीस असल्यास येथे डकवावी

कायद्याला भिणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण धुतलेला सदरा घालून कायद्याची वाट पाहत बसणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझा साडू निघाला. बायको तिच्या थोरल्या बहिणीला ताई आणि तिच्या या यजमानांना दाजी म्हणते, म्हणून मीही म्हणतो. दाजींनी सारी नोकरी तालुक्याच्या कोर्टात बेलीफ म्हणून काढली. धावडा म्हणू नका, केदारखेडा म्हणू नका, जिथे समन्स तिथे त्यांची सायकल. घेणारा माळ्यावर लपून बसला, तर दोन पंच उभे करायचे आणि नोटीस दारावर डकवायची. त्यासाठी गव्हाच्या पिठाची खळ घरूनच डब्यात न्यायचे. "सरकारी डिंक उन्हात सुटतो," असं त्यांचं मत. माझ्या लग्नाच्या पत्रिका यांनी वाटल्या, तेव्हा घेणाऱ्या प्रत्येकाची सही आणली होती. माझा मामा त्या दिवसापासून त्यांना वचकून आहे.

अशा माणसाची सायकल मात्र शंभर ठिकाणचं गोत्र जमवून झालेली. घंटी शाळेच्या भंगारातली, ब्रेक कुण्या मयत मित्राच्या गाडीचे, आणि मागचं कॅरिअर म्हणजे कोर्टातल्या मोडक्या बाकाची फळी. तीसुद्धा लिलावात पावती फाडून घेतलेली. त्या फळीवर ताईंनी गादी शिवली होती. ताईंचे गुडघे गेले, तेव्हापासून दाजी त्यांना रोज संध्याकाळी त्या गादीवर बसवून त्यांच्या टेंभुर्णी गावाच्या दुसऱ्या टोकाला बुद्धविहारात नेत आणि आणत. ताईंचं बाहेरचं जग म्हणजे तेवढीच एक फेरी.

आणि मग मोबाइलवर बातमी फिरली. सायकलीचे सुटे भाग, रिफ्लेक्टर, सगळं ठरल्या मापाचंच असावं असा नियम येऊ घातला होता. पंक्चरवाल्या चाचांच्या दुकानात गावातले सायकलवाले जमले. दूधवाला म्हणाला, "माझ्या गाडीला ब्रेकच न्हाई, तर माप कशाला लावतेत?" एक म्हातारे तापले, "आधी रस्त्याला माप लावा म्हणावं!" चाचांनी समजावलं, "दाजी, ये नये मालवास्ते है, कारखान्यांसाठी. तुमच्या गाडीला कोन बघून राह्यलं?" सगळे हसले. दाजी हसले नाहीत. कागद दारात आल्यावर माणसाचं तोंड कसं होतं, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. ते सायकल हातात धरून चालत घरी आले आणि ओसरीत बसले ते बसलेच. आपल्याला नोटीस येणार, ती द्यायला बेलीफ येणार, आणि आपण घरी नसलो तर त्या बिचाऱ्याला दुसरी खेप पडणार! ही काळजी बेलिफाशिवाय कुणाच्या डोक्यात येणं शक्य नाही.

पंधरा दिवस झाले. विहाराची फेरी बंद, म्हणून ताईंनी बोलणं टाकलं, मग जेवण टाकलं. बायकोने रडत मला धाडलं. मी गेलो तेव्हा दाजी गळ्यापर्यंत बटणं लावून बसले होते. उंबऱ्याशी खळीचा डबा तयार. सायकल चादरीखाली. ताई आत, भिंतीकडे तोंड करून.

"दाजी, अजून नुसता मसुदा आहे हो," मी शाळेतल्या सवयीने समजावलं.

"मास्तर, आम्हाला शिकवू नका. ती गाडी जप्त झाली तर हिला कशावर नेऊ? डोक्यावर?" त्यांचा आवाज फाटला.

तेवढ्यात फाटक वाजलं. खांद्याला पिशवी लावलेला माणूस आत आला. दाजी ताडकन उठले. दोन्ही हात पुढे केले. त्या माणसाने लाइटबिल हातावर ठेवलं आणि तो निघून गेला. दाजी ते उलटसुलट करून पाहत खाली बसले.

तेव्हा आतून ताईंचा आवाज आला, बोलणं टाकल्यापासूनचा पहिला. "जलमभर लोकायच्या दारावर कागद डकवले तुम्ही. मंग लोक काय घरात कोंडून बसले व्हते का? शेतात गेल्तेच ना? लेकरं शाळेत गेल्तीच ना?"

दाजींनी वहीचं पान फाडलं, सावकाश लिहिलं आणि खळ लावून स्वतःच्याच दारावर डकवलं. "आम्ही उभयता विहारात गेलो आहोत. नोटीस असल्यास येथे डकवावी. खळ उंबऱ्यात आहे."

"मास्तर, तुम्ही पंच," असं म्हणून मला तिथेच बसवलं, ताईंना गादीवर बसवलं, आणि गेले.

अंधारून आलं. रस्त्यावर ट्रक वाजू लागले, आणि ज्या कायद्याला मी नुसता मसुदा म्हणालो होतो तो आत्ताच्या आत्ता लागू व्हावा असं मला वाटू लागलं. त्या सायकलीला मागे लाल काचेचा तुकडासुद्धा नव्हता. मी फाटकापर्यंत किती येरझाऱ्या घातल्या कोण जाणे. मग ती शाळेच्या भंगारातली घंटी वाजली. सायकल फाटकातून आत वळली आणि मागे लाल उजेड दिसला. ताई उलट्या तोंडाने बसल्या होत्या, आणि हातातल्या विजेरीवर त्यांनी लाल पदर गुंडाळला होता.

त्या दोघांकडे पाहून मला रडू आलं, हे मी बायकोला अजून सांगितलेलं नाही.

नोटीस काही आली नाही. दारावरचा कागद आता पिवळा पडलाय, पण सुटलेला नाही. ताईंचे गुडघे दिवसेंदिवस थकत चाललेत आणि तो कागद एक दिवस काढावा लागेल, हे आम्हा सगळ्यांनाच कळतं. तोवर मी संध्याकाळी मुद्दाम न कळवता जातो. कुलूप दिसलं की बरं वाटतं, आणि पंच म्हणून उंबऱ्यात बसून राहतो.