निळ्या पँटीवरचे पांढरे केस

शमीमबाईंवर अन्याय झाला तो शाळा उघडायच्या आठ दिवस आधी, बुधवारी दुपारी, मूल गावातल्या त्यांच्याच ओट्यावर. शाळा समितीच्या अध्यक्षांनी शिवून ठेवलेली निळी पँट उजेडात धरली, तिच्यावरचे पांढरे केस दाखवले आणि सुनावलं, "बाई, मांजर जंगलात सोडा, नाहीतर कापड परत करा." बाईंचं घर याच गणवेशांच्या शिलाईवर चालायचं.

मी शेजारी राहायचे. कष्टकऱ्यांच्या संघटनेची पत्रकं लिहिणं माझं काम. संध्याकाळपर्यंत मी झणझणीत पत्रक तयार केलं: केस बाईंच्या मांजरीचे नाहीतच, कष्टकरी बाईला हटवण्याचा हा डाव आहे. बाईंनी ते मोठ्याने वाचायला लावलं. त्यांची पांढरीशुभ्र मांजर, चांदणी, मांडीवर पसरली होती.

"खोटं काऊन लिहून राह्यली, बेटी?" त्या म्हणाल्या. "केस चांदणीचेच हायेत. चूक माही हाये."

चूक अशी. शिवल्यावर आटू नये म्हणून नवं कापड आधी भिजवून दोरीवर वाळवायची त्यांची पद्धत. यंदा घाईत ते ओट्यावरच पसरलं आणि भर उन्हाळ्यात गारव्याला चांदणी त्यावर लोळली. मांजरी केस जास्त गाळतात तेही तेव्हाच. ओल्या कापडात रुतलेले केस वाळले, वरून इस्त्री फिरली.

मग सोडणार का तिला, असं मी विचारलं. बाईंनी भिंतीपलीकडच्या राइस मिलकडे मान हलवली. तिथले उंदीर रोज इकडे यायचे.

"केस निघते, बेटी. उंदरानं पाडलेलं भोक नाई निघत. आन् आठ साल राखण केली तिनं. तिले बिबट्यापुढं टाकू?"

दोन दिवस आम्ही पँटी साफ केल्या. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा पाण्यात बुडवून झटकायचा आणि एकाच दिशेने ओढायचा. केसांची वळी होते, चिमटीत येते. मी उलटसुलट घासत होते. "पत्रकं वाटून राह्यली का? एका बाजूनं चाल," बाई म्हणाल्या. रोज सकाळी त्या चांदणीला अंगणात विंचरायच्या, मग ओला हात फिरवायच्या. आज फणीत आला तो केस उद्या पँटीवर येत नाही, हे त्यांचं साधं गणित.

शनिवारी त्या गठ्ठा घेऊन शाळेत गेल्या. माझं पत्रक त्यांनी घेऊ दिलं नाही. समितीपुढे पहिलं वाक्य बोलल्या ते हे की केस माझ्याच मांजरीचे होते. मग अध्यक्षांच्या हाती ओल्या ट्यूबचा तुकडा दिला आणि शोधा म्हणाल्या. त्यांनी चार पँटी घासल्या, काही निघालं नाही. पाचव्या पँटीला हात घालताना ट्यूब त्यांच्याच काळ्या जॅकेटवरून फिरली आणि तांबूस केसांची लांब वळी निघाली.

"घरी कुत्रं हाये का, भाऊ?" बाईंनी अगदी आदराने विचारलं. हसणाऱ्यांत अध्यक्षही होते. काम बाईंकडेच राहिलं.

गेल्या वर्षी त्या लेकीकडे बल्लारपूरला गेल्या. मी पोचवायला गेले तेव्हा एसटीत चांदणी टोपलीतून सगळ्या प्रवाशांकडे बघत होती, आणि बाई शेजारच्याच्या शर्टावरचे केस ओल्या हाताने टिपत होत्या. शाळेतल्या त्या शनिवारनंतर मी एकही पत्रक आधी खरं काय ते विचारल्याशिवाय लिहिलेलं नाही.

हेही विचारूनच लिहिते आहे. केस गळतात म्हणून मांजर पोत्यात घालून रानात सोडायला निघाला असाल, तर पोतं खाली ठेवा. गाठ सोडा. आणि फणी घ्या.