दुपारभर उमटत गेलेलं घर

महाडात पुराच्या धास्तीने मोलाची वस्तू कोणी तळमजल्यावर ठेवत नाही. त्यामुळे माझा कॉम्प्युटर वरच्या खोलीत, खिडकीपाशी असतो. घरांचे नकाशे काढायचं माझं काम. गावाकडे घर बांधू पाहणारी माणसं येतात, जागेची लांबीरुंदी सांगतात. मी नकाशा काढते आणि घर बांधून झाल्यावर कसं दिसेल त्याचं रंगीत चित्र करून देते. नकाशातल्या रेघा थोड्यांनाच कळतात, चित्र मात्र सगळ्यांना कळतं.

ते चित्र तयार व्हायला जुन्या मशीनवर अख्खी दुपार जायची. आधी पडदा काळा. मग कुठेतरी एक लहानसा चौकोन उजळायचा आणि त्यात आभाळाचा तुकडा दिसायचा. शेजारी दुसरा चौकोन, मग तिसरा. हळूहळू कौलं यायची, भिंतीचा कोपरा यायचा, अर्धी खिडकी यायची. तेवढा वेळ मशीनला हात लावायची सोय नव्हती, कारण दुसरं काही उघडलं की ते अडकून पडायचं. मी खुर्चीत मागे रेलून बघत बसायचे. पंखा फिरत असायचा, खाली गल्लीत भांडीवाल्याची हाक लांबत जायची आणि माझे डोळे अर्धवट मिटायचे. झोप नव्हे ती. अजून पाया न खोदलेल्या घरात मी आत शिरायचे, नव्या फरशीचा गारवा तळव्यांना लागायचा, एखाद्या खोलीत उभं राहून आता इथून कुठे जावं असा विचार करायचे. तुडीलला माहेरी लहानपणी सावित्री नदीच्या काठावर पाण्यातली उलटी झाडं बघत बसायचे, तसंच काहीसं.

घरात मात्र सगळ्यांना त्या मशीनचा कंटाळा आला होता. मुलगी पुण्याला शिकते. ती फोनवर म्हणायची, "आई, ते डबडं काढून टाक गं. एवढ्यात माझं सगळं सबमिशन होतं." नवरा तसा काही बोलायचा नाही, पण सकाळी मशीन चालू करून मी चहाला खाली आले की विचारायचा, "उठला का तुझा कुंभकर्ण?"

शेवटी बाजारपेठेतल्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने डबा उघडला, आतली धूळ ब्रशने झटकली आणि सरळ सांगितलं, "ताई, दोन रस्ते आहेत. जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी टाकू, रॅम वाढवू. मशीन पटकन चालू होईल, अडकणार नाही. पण चित्राला वेळ लागतो तो प्रोसेसरमुळे. तो बदलायचा तर मदरबोर्ड बदलावा लागेल, मदरबोर्ड बदलला की ही रॅमही चालणार नाही. म्हणजे नवीनच मशीन झालं."

"मग तुम्ही काय म्हणता?"

"तुम्हाला घाई असेल तर नवीन घ्या."

मला घाई आहे का, हेच मला ठरवता येईना. उद्या सांगते म्हणाले. असे बरेच उद्या गेले.

दिवाळी होऊन गेल्यावर एके दिवशी सकाळच्या एसटीने कुडपणहून एक जोडपं आलं. पोलादपूरला गाडी बदलून, विचारत विचारत माझ्या जिन्यापर्यंत पोहोचलं होतं. नकाशाचं बोलणं आधी फोनवर झालं होतं, जागेचे फोटोही आले होते. आज त्यांना चित्र बघायचं होतं. तो मुंबईत एका गोदामात कामाला होता, नुकताच कायमचा गावी परत आला होता. अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. ती तिथेच राहून नाचणी-वरीची शेती सांभाळत आलेली. पदर खोचून दारातच थांबली, चप्पल कुठे काढू म्हणून.

मी चित्र लावलं आणि म्हणाले, "याला दुपार होईल. तोवर बाजार करून या."

तो उठलाच होता. ती म्हणाली, "आमी बसतो हितंच. बाजारात काय बगायचं?"

मग दोघं बसली. तो खुर्चीत, ती खिडकीखाली सतरंजीवर. पहिला चौकोन उजळला तेव्हा ती पुढे सरकली.

"ह्ये काय आलं?"

"आभाळ," मी म्हणाले.

"आमच्याकडं येवढं निळं नसतं. धुकं असतंय."

तो हसला. "अगो, फोटोत निळंच दाखवतात."

चौकोनामागून चौकोन येत राहिले. छपराची कड दिसली, मग पडवीचा एक खांब. खोलीत पंख्याचा आणि मशीनचा मिळून एकच घुमणारा आवाज होता. त्या आवाजात माणूस हळूहळू सैल होतो. मला रोजचा अनुभव होता, पण त्या दिवशी तो त्या दोघांवर चढताना मी बघितला. त्याने शर्टाचं वरचं बटण काढलं. तिने भिंतीला पाठ टेकवली.

"पडवीत मी बसणार," तो एकदम म्हणाला. "सकाळी पेपर घेऊन."

"पेपर येतोय कुटं कुडपणला?"

"मग असाच बसेन."

"सकाळी पडवीत वारा असतोय. पावसाळ्यात तर झड आतपर्यंत येती. तुमाला म्हाईत नाय." तिने पुढे म्हटलं, "तुमी गणपतीला येता, शिमग्याला येता, मे महिन्यात येता. सकाळी उशिरा उठता."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पाहुण्याला घरची रीत सांगावी तसं ती सांगत होती. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की या दोघांनी आयुष्यात एकत्र असं घर केलेलंच नाही. लग्न झाल्यापासून तो तिकडे भाड्याच्या खोलीत चारपाच गाववाल्यांबरोबर, ही इकडे डोंगरावर. आता पहिल्यांदा दोघं एका छपराखाली रोज राहणार होती, आणि ते छप्पर माझ्या पडद्यावर तुकड्यातुकड्याने येत होतं.

मी नकाशात दोन बेडरूम धरल्या होत्या. फोनवर त्यानेच तसं सांगितलं होतं. आता दुसऱ्या खोलीची खिडकी दिसायला लागली तशी ती म्हणाली, "ही कुणाची खोली?"

तो पडद्याकडेच बघत राहिला. "तुझी. तुला लवकर उठायची सवय. माझी झोपमोड नको, तुलापण माझा त्रास नको. मला लाइट चालू ठेवून झोपायची सवय लागलीय. रूमवर कोण ना कोण जागाच असायचा."

मी उगाच माउस पुसला.

जेवायची वेळ झाली. तिने फडक्यातून नाचणीची भाकरी आणि जवळ्याची चटणी काढली, मला वाढल्याशिवाय स्वतः खाईना. मी खालून आमटीभात आणला. आम्ही तिघं पडद्यासमोर गोल बसून जेवलो. घर आता चारांतल्या तीन हिश्शांपर्यंत आलं होतं, फक्त स्वयंपाकघराची बाजू काळी होती. तिची नजर तिथेच होती.

आणि तिथेच मशीन अडकलं. चौकोन पुढे सरकेना. मी वाट बघितली, बटणं दाबली, काही होईना. पडदा गोठल्यासारखा झाला. शेवटी मशीन बंद करावं लागलं आणि सगळं चित्र गेलं. मला फार लाज वाटली. एवढ्या लांबून आलेली माणसं, दुपारची गाडी गाठणारी.

"पुन्हा पहिल्यापासून लावावं लागेल," मी म्हणाले. "तुम्ही जा, मी मोबाइलवर पाठवते."

तो घड्याळ बघत उठला. ती बसूनच राहिली.

"पयल्यापासून लावायचंच हाय, तर ताई, थोडं बदलून लावाल?"

"काय बदलू?"

तिने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि मला म्हणाली, "ती दुसरी खोली नको. त्या जागेत पडवी मोठी करा नि बाजूनं बंद करा, म्हंजे झड येणार नाय, यांना बसता येईल. आनि लाइट चालू असला तरी मला झोप येती. दिवसभर राबल्यावर कुनाला लाइट दिसतोय?"

तो उभाच होता. मुंबईत घालवलेल्या सगळ्या वर्षांत त्याला असं कोणी काही म्हटलं नसावं. मग खुर्चीत परत बसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "करा मॅडम, बोलतेय तसं करा. संध्याकाळची गाडी आहे की."

मी भिंत काढली. पडवी वाढवली, पश्चिमेच्या अंगाला आडोसा घातला. स्वयंपाकघराची खिडकी तिने पायवाटेच्या बाजूला मागितली, येणारं माणूस दिसावं म्हणून. मग पुन्हा चित्र लावलं. या वेळी दोघं सतरंजीवर शेजारी शेजारी बसली. कधी तो डुलकी घ्यायचा, कधी ती. माझाही डोळा लागला असावा, कारण मधला काही भाग मला आठवत नाही. जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं आणि पडद्यावर पूर्ण घर उभं होतं. ती दोघं माझ्या आधी जागी झाली होती आणि मला उठवायचं नाही म्हणून हलक्या आवाजात बोलत होती. कोंबड्यांचा खुराडा कुठे ठेवायचा, याबद्दल.

त्यांना मी चित्राची रंगीत प्रत काढून दिली. तो ती गुंडाळायला लागला तर तिने घेतली आणि भाकरीच्या रिकाम्या फडक्यात नीट ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याला फोन केला. एसएसडी टाका, रॅम वाढवा, बाकी राहू द्या, म्हटलं. लोकांसमोर मशीन अडकण्याची लाज मला पुन्हा नको होती. पण चित्राला लागणारी दुपार मात्र ठेवावीशी वाटली. नवऱ्याला कारण नीट सांगता आलं नाही. "माझी झोप होते," एवढंच म्हणाले, आणि त्याला ते पटलं. मशीन खरंच सुधारलं. चहाला जाईपर्यंत चालू व्हायचं, अडकायचं नाही. चित्र मात्र पूर्वीसारखंच सावकाश यायचं. तसं ते आणखी वर्षभर चाललं. मग एका सकाळी मदरबोर्डच गेला आणि नवीन मशीन घ्यावं लागलं, त्याला इलाज नव्हता. आता चहा उकळेपर्यंत चित्र तयार असतं. माणसं बघतात, छान आहे म्हणतात, जातात. वाईट वाटत नाही मला. संध्याकाळी लवकर मोकळी होते, कधी तुडीलला जाऊन येते. पण दुपारी एखादवेळी खुर्चीत मागे रेलते आणि समोर बघायला काही नसतं.

कुडपणचं घर पुढच्या हिवाळ्यात बांधून झालं. वास्तुशांतीला मला जमलं नाही, म्हणून नंतर एकदा पोलादपूरहून एसटीने गेले. गाडी घाट चढून पठारावर आली तेव्हा सगळीकडे धुकं होतं. रस्त्याच्या कडेला गवत, आणि पलीकडे काहीच नाही, जणू जग तिथे पुसून टाकलं होतं. घर अगदी जवळ गेल्यावर दिसलं. आधी पडवी, मग दार. तिने मला हाताला धरून आत नेलं आणि चुलीपाशी पाट दिला. चहा झाला, नाचणीची आंबील झाली. कोंबड्या दारात येऊन बघून गेल्या.

परतताना तो मला गाडीपर्यंत सोडायला आला. धुक्यात आम्ही दोघं चालत होतो. मी विचारलं, "कसं वाटतं इथे? करमतं का?"

तो म्हणाला, "मॅडम, ती भाकऱ्या थापताना गुणगुणते. हळू, आपल्याशीच. इतकी वर्षं लग्नाला झाली, मला माहीतच नव्हतं."

एवढ्यात धुक्यातून एसटीचे दिवे आले. त्याने हात करून गाडी थांबवली.