थांबा क्रमांक पाच

त्या हंगामात मला रविवार नको वाटायचा. शनिवारी संध्याकाळी ज्वारीचं पीठ चाळायला बसले की खांदे आधीच दुखायला लागायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ-साडेनऊला बस यायची, तीस-पस्तीस माणसं उतरायची, आणि नेमकं त्याच वेळी जाळीतल्या टोमॅटोच्या फुलांनाही माझा हात हवा असायचा.

आमचं गाव देऊळगाव राजापासून जवळच, जालन्याच्या बाजूला. माझं माहेर धामणगाव बढे. लग्न होऊन आले तेव्हा माझ्या ‘मले-तुले’ला इथल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. आता सव्वीस वर्षांनी अर्धी मी त्यांच्यासारखी बोलते. घरची शेती बेताची. सोयाबीन आणि तूर असतेच, पण घर चालतं ते शेडनेटवर. हिरव्या जाळीच्या त्या मांडवात आम्ही एका कंपनीसाठी टोमॅटोचं संकरित बी तयार करतो.

ते काम थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मादी ओळीतली कळी उमलायच्या आदल्या दिवशी चिमट्यानं उघडायची, आतला नराचा भाग अलगद काढून टाकायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं नर ओळीतल्या फुलांचे पराग लावायचे. लावून झाले की फुलाखालच्या हिरव्या पाकळ्यांपैकी दोन कापायच्या, ही खूण. या सगळ्याला आम्ही क्रॉसिंग म्हणतो. ऊन चढलं की पराग कामाचे राहत नाहीत, म्हणून सकाळचे तीन तास मान वर करायला फुरसत नसते. दीड-दोन महिने हे रोज चालतं. दिवाळी असो की अंगात ताप असो, फुलं थांबत नाहीत.

जाळीत माझ्यासोबत पाच बायका. त्यातली एक पहिल्या वर्षापासूनची. ती गावचीच लेक, बौद्ध वस्तीतली, नवरा गेल्यावर मुलीला घेऊन माहेरी परत आलेली. माझ्या नवऱ्याला ती भाऊ म्हणते, मला वहिनी. आणि मी तिला, नणंदेला म्हणावं तसं, बाई म्हणते. वयानं माझ्याहून मोठी. क्रॉसिंगचं प्रशिक्षण आम्ही दोघींनी एकाच बाकावर बसून घेतलं होतं. तिचा हात इतका हलका की तिनं उघडलेली कळी सहसा गळत नाही. साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, तोंडाला दस्ती बांधून ती ओळीत शिरली की दुपारपर्यंत तिचा आवाज ऐकू येत नाही.

त्या साली पोळा होऊन गेल्यावर एक सरकारी साहेब गावात आले. तालुक्यातल्या शेतांची आणि खाण्यापिण्याचे जिन्नस करणाऱ्यांची एक वाट आखायची होती. शहरातल्या लोकांनी बसमधून यायचं, एका गावात गुऱ्हाळ बघायचं, दुसऱ्या गावात लाकडी घाणा, कुठं हुरडा, कुठं पापड-कुरड्या, आणि शेवटी बालाजीचं दर्शन घेऊन परत जायचं. वाटेचं नाव ठेवलं होतं ‘शिवार-चव’. साहेबांना त्यात आधुनिक शेतीही हवी होती. आमच्या फाटकाशी पाटी लागली: थांबा क्रमांक पाच.

मी आनंदानं हो म्हटलं होतं. कुणी बळजबरी केली नव्हती. इतक्या वर्षांत आमचं काम बघायला कंपनीच्या माणसाशिवाय कुणी आलं नव्हतं, आणि कंपनीचा माणूसही कामापेक्षा चुकाच बघायचा. पहिल्या रविवारी मी नवी साडी नेसून पाहुण्यांपुढं उभी राहिले आणि कळी कशी उघडतात ते दाखवलं, तेव्हा सगळे गप्प होऊन बघत होते. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “आम्ही आयुष्यभर टोमॅटो खाल्ले, पण हे माहीत नव्हतं.” ते वाक्य मी आठवडाभर मनात घोळवलं.

पण ती वाट चवीची होती आणि आमच्याकडं चवीला काहीच नव्हतं. दुसऱ्याच खेपेला लोक विचारू लागले, “इथं खायला काय मिळतं?” साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, “ताई, साधं काहीतरी करा. भाकरी, ठेचा, ताक.” मग मी पहाटे उठून चाळीस-पन्नास भाकरी थापायला लागले. थापून कंबर धरायची, की लगेच जाळीत जाऊन वाकायचं.

सुरुवातीला एका रविवारी बाई मदतीला आली. तिची भाकरी माझ्यापेक्षा चांगली, पातळ आणि टम्म फुगणारी. पाहुणे वाखाणून खात होते. आमच्या गल्लीतली एक शेजारीण उगाच डोकवायला आली होती, तिनं मला हळूच विचारलं, “भाकरी कोण करायलंय?” मी म्हटलं, “मीच.” चूल चार पावलांवर होती. बाईनं मान वर केली नाही, हातातली भाकरी भाजून टोपल्यात टाकली, हात धुतले आणि जाळीत निघून गेली. त्यानंतर ती चुलीपाशी आली नाही. मी तसं का म्हटलं हे मला त्या क्षणीही कळत होतं.

रविवारामागून रविवार गेले. जाळीला दोन पडद्यांचं दार असतं, किडे आत येऊ नयेत म्हणून. पाहुणे दोन्ही पडदे उघडे टाकून आत यायचे, रांगेतून चालताना फांद्यांना धक्के द्यायचे. बायकांना म्हणायचे, “हात जरा वर धरा, हसा.” हात वर धरला की बोटावरचे पराग सांडायचे. साहेबांनी एकदा सगळ्यांना नऊवारी लुगडी नेसायला सुचवलं. बाईकडं बघून म्हणाले, “हा शर्ट तेवढा काढता येईल का? फोटो बरा येईल.”

बाई म्हणाली, “साहेब, टोमॅटोच्या पाल्यानं हात खाजतात. सणाचं लुगडं नेसून कामावर कोण येतं?”

साहेब ओशाळले. माणूस वाईट नव्हता. पण मी तेव्हा बाईच्या बाजूनं काही बोलले नाही, पाहुण्यांना ताक वाढत राहिले.

डिसेंबर लागला. खालचे घोस लाल व्हायला लागले, वर शेवटचं क्रॉसिंग चाललं होतं. त्या रविवारी मला बरं नव्हतं. अंगात कणकण होती आणि तीच तीच वाक्यं बोलताना माझाच आवाज मला दुरून येतोय असं वाटत होतं. एवढ्यात एका हसऱ्या पाहुणीनं वाकून अख्खा घोस तोडला. चांगली चार फळं, प्रत्येकाच्या देठाशी खूण केलेली. तिनं तो गालाजवळ धरून फोटो काढून घेतला आणि मग माझ्याकडं बघून विचारलं, “चालतं ना तोडलं तर?”

मी म्हटलं, “असू द्या.”

ती ओळ बाईची होती. ती पलीकडं दोन झाडं सोडून उभी होती.

बस गेली. मी बाहेर बाजेवर बसले होते. बाई शर्टाच्या बाह्या खाली करत माझ्यासमोर आली.

“असू द्या कामून म्हणलीस, वहिनी?”

“अवं, पाहुणे आहेत. तोडून झालंच होतं. भांडून काय जोडलं असतं?”

“कंपनीचा माणूस एक फळ कमी दिसलं तर दहा वेळा विचारतो. तेव्हा तू मला विचारतेस. आज त्या पाहुणीला नाही विचारलं.”

“माह्यात ताकद नव्हती, बाई.”

“माझ्यात हाय का?” ती म्हणाली. “मी वाकून वाकून केलेलं, अन् तू हसून देऊन टाकलं.”

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बाकीच्या बायका आल्या, पण काम रेंगाळलं. माझा नवरा म्हणाला, “निरोप धाड, येईल.” मला निरोप धाडायचा नव्हता. चौथ्या दिवशी दुपारी मी तिच्या घरी गेले. इतक्या वर्षांत मी तिच्या दारापर्यंत खूपदा गेले होते, घरात बसले होते ते तिच्या मुलीच्या लग्नात तेवढं.

ती सुपात ज्वारी पाखडत होती. मला बघून उठली नाही, पण पाट पुढं सरकवला. चहा ठेवला. मग माझ्याच डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते दुःखाचं होतं की थकव्याचं, मला सांगता येणार नाही.

“तू थकलीस,” ती म्हणाली.

“हाव.”

“मग बंद कर की.”

“सगळंच कसं बंद करू?”

“सगळं कोण म्हणतंय? फाटक बंद कर. पाटी कुणी लावली? त्यायनं. फाटक कुणाचं? तुझं.”

मी मान हलवली. मग ज्यासाठी इतके दिवस तोंड उघडत नव्हतं ते बोलले. “भाकरीच्या वेळी मी चुकली, बाई.”

तिनं सूप खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलं नाही. “ते वेगळं हाय,” ती म्हणाली. “ते आज नको काढूस.”

चहा पिऊन उठले. निघताना तिनं एवढंच विचारलं, “माझ्या ओळीतले खालचे घोस कुणी तोडले?” म्हटलं, “कुणाले हात लावू दिला नाही.” दुसऱ्या दिवशी सकाळी ती शर्ट घालून आली.

फाटक बंद करायचं म्हटल्यावर घरी नवरा कुरकुरला. “साहेबांना काय तोंड दाखवायचं?” मी म्हटलं, “मी दाखवीन तोंड, तुम्ही नका दाखवू.” फोन मीच लावला. सांगितलं, दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत जाळीत कुणी येणार नाही. नंतर या, रिकामी जाळी दाखवते, बी कसं धुतात ते सांगते. साहेब म्हणाले, “ताई, लोक हिवाळ्यातच येतात. मग तुमचा थांबा काढावा लागेल.”

“काढा,” मी म्हटलं.

दोन दिवसांनी ते स्वतः आले. मला वाटलं, समजूत घालतील. पण ते बाजेवर टेकले, तांब्याभर पाणी प्याले आणि बुटांकडं बघत एकेक सांगू लागले. गुऱ्हाळवाल्यानं यंदा ऊसच लावला नव्हता. घाण्याचा बैल म्हातारा झाला होता. पापड करणाऱ्या बायकांनी सांगितलं होतं, आम्ही पापड उन्हाळ्यात करतो, हिवाळ्यात कुणासाठी लाटायचे? “वरून विचारतात, थांबे किती चालू आहेत,” साहेब म्हणाले. “मी काय सांगू?” मला त्यांची कीव आली. मी त्यांना जेवायला वाढलं. आदल्या दिवशीच्या भाकरीचा कुस्करा होता, तो त्यांनी पोटभर खाल्ला. जाताना त्यांनी स्वतःच पाटीचे खिळे काढायला सुरुवात केली, आणि माझा नवरा पक्कड घेऊन त्यांच्या मदतीला गेला.

मोकळं वाटेल असं मला वाटलं होतं. पाटी निघाल्यावरच्या पहिल्या रविवारी झोपून राहायचं ठरवलं, तर पहाटेच जाग आली. काम तेवढंच होतं, कणकणही महिनाभर गेली नाही. मधूनच वाटायचं, ते म्हातारे गृहस्थ पुन्हा आले असते तर त्यांना एकट्याला आत नेलं असतं.

संक्रांतीनंतर शेवटची फळं तुडवली, बी आंबवलं, धुतलं, वाळवलं. कंपनीची गाडी पोती घेऊन गेली. बाकी बायका घरी गेल्या. बाई आणि मी पाटात पाय सोडून बांधावर बसलो. पाणी गार होतं. तिनं पोटऱ्या चोळल्या.

“पुढच्या साली मी येईन असं धरू नको, वहिनी,” ती म्हणाली. “गुडघे ऐकत नाहीत. लेक बोलावू राहिली जालन्याला.”

मी “हाव” म्हटलं. लाइट गेली, मोटार बंद पडली, पाट हळूहळू आटत गेला, तरी आम्ही दोघी उठलो नाही.