मिस्त्रींचं नाक आणि देवदाराची फळी

मिस्त्रींचा जगावर काडीचा विश्वास नव्हता. दुकानदार मापात मारणार, शेजारी डोकावणार, पाहुणे निघताना काहीतरी उचलणार, हे ते धरूनच चालत. विश्वास होता तो एका स्वतःच्या नाकावर. फळीवर रंध्याचा एक हात मारायचा, निघालेली कुरळी साल नाकाशी धरायची आणि निकाल द्यायचा: हा साग जुना, हा देवदार अजून ओला, आणि हे कुणीतरी तुमच्या गळ्यात मारलंय. लाकडाच्या बाजारात सगळे त्यांना 'नाकवाले मिस्त्री' म्हणत. कौतुकाने म्हणतात की चिडवायला, याचीही त्यांना शंका होतीच.

घरामागच्या खोलीत त्यांचं काम चाले. नोकर नाही, भागीदार नाही, आपणच मालक आणि आपणच हमाल. आजारी पडलं तर रजा मागायची कुणाकडे, म्हणून ते आजारीच पडत नसत. खोलीला मागच्या गल्लीत उघडणारी एक खिडकी होती. त्या गल्लीत दुसऱ्या एका सुताराने दुकान थाटलं, तेव्हा तो आपलं काम बघून नक्कल करील म्हणून मिस्त्रींनी खिडकीवर फळ्या ठोकल्या. त्या गल्लीने जाणंही सोडलं. मग मशीनवर घासकाम सुरू झालं की धुरळा जाणार कुठे? तो भुवयांवर बसे, चहावर सायीसारखा बसे. बायको तोंडाला बांधायला धुतलेलं फडकं आणून देई. "फडकं बांधून वास कसा घेऊ? इतकी वर्षं भुसा खाल्लाय, आता काय होणार?" असं म्हणून ते त्या फडक्याने रंधा पुसत.

एका शिक्षिकेला लोकरीचे कपडे ठेवायला देवदाराची पेटी हवी होती. देवदाराच्या वासाने कपड्यांना कसर लागत नाही. मिस्त्रींनी वखारीतून फळी आणली. वखारवाला त्यांचा लहानपणापासूनचा मित्र, त्यामुळे त्याच्यावर त्यांचा संशय जरा कमी असे. फळीवर रंधा मारला, साल नाकाशी धरली. वास नाही. दुसरी साल काढली. तीही कोरडी ठणठणीत.

फसवलं म्हणजे फसवलं! आणि हे काम एकट्या वखारवाल्याचं नव्हे, असं त्यांना वाटायला लागलं. घरात भाजीलाही चव नव्हती. घराला रंग लावायचं राहून गेलं म्हणून बायको मुद्दाम सपक करते, असा त्यांचा कयास होता. उजवी नाकपुडी कित्येक महिने बंद होती आणि सकाळी रुमालावर लाल डाग पडत, ती गोष्ट वेगळी. बायकोने डागांबद्दल विचारलं तर ते म्हणत, "पॉलिश आहे." तिचा विश्वास बसला नव्हता, पण तिने तो विषय तिथेच सोडला होता.

फळी खांद्यावर टाकून मिस्त्री वखारीत गेले आणि ती धाडकन खाली टाकली.

"हा देवदार?"

"मग काय आहे?" वखारवाला म्हणाला.

"तूच सांग. कसल्या लाकडाला रंग फासून देवदार म्हणून देतोस?"

वखारवाल्याने फळी हुंगली. माल घ्यायला आलेल्या दोघांपुढे धरली. दोघांनी माना डोलावल्या. एक म्हणाला, "घमघमतोय की!"

"सगळे एकाच माळेचे मणी," मिस्त्री कडाडले.

वखारवाल्याने फळी भिंतीला टेकवली. मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "अरे, रागावू नकोस. एकदा डॉक्टरला नाक दाखवून घे."

मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "चोर तो चोर, वर शिरजोर! थांब, पुरावाच आणतो."

पुरावा घरातच होता. लग्न झाल्यावर त्यांनी बायकोसाठी देवदाराची पेटी केली होती, एकेक फळी स्वतः हुंगून निवडलेली. बायको बाजारात गेली होती. त्यांनी तिच्या साड्या पलंगावर टाकल्या आणि पेटीत डोकं घातलं. वास नाही. पेटीच कुणी बदलली की काय? पण आतल्या कोपऱ्यात त्यांच्याच पटाशीची खूण होती. त्यांनी रंधा आणला आणि झाकणाच्या आतून एक लांब साल काढली. नाकाशी धरली, चुरगाळली, पुन्हा धरली.

तेवढ्यात बायको पिशव्या घेऊन दारात आली.

"अगं बाई, किती छान वास सुटलाय! पेटी उघडलीत का?"

मिस्त्रींनी वर पाहिलं. "तुला येतो?"

"अहो, फाटकापासून येतोय. तुम्हाला नाही येत?"

जगातल्या सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता, आता स्वतःचं नाक एवढी एकच जागा राहिली होती. मिस्त्री पेटीला टेकून खाली बसले. त्यांना भीती वाटली, साधी, लहान मुलाला वाटते तशी. खिशातून रुमाल काढून त्यांनी बायकोपुढे धरला आणि म्हणाले, "हे पॉलिश नाही."

ती ओरडली नाही. तिने पिशव्या खाली ठेवल्या आणि चपला परत पायांत घातल्या.

वाटेत त्यांना पाहून वखारवाला वखार उघडी टाकून त्यांच्याबरोबर दवाखान्यात आला. "माल चोख होता रे तुझा," मिस्त्री त्याला रस्त्यात म्हणाले. "गप चल," तो म्हणाला.

डॉक्टरांनी दिवा लावून नाकात पाहिलं, बराच वेळ पाहिलं. आत गाठ होती. तिचा तुकडा काढून तपासायला पाठवायचा, कसली आहे ते त्यानंतरच कळणार. लाकडाची धूळ वर्षानुवर्षं नाकात गेली की असं होऊ शकतं, असं म्हणून त्यांनी विचारलं, "काम करता तिथे खिडकी आहे?"

"आहे."

"उघडी असते?"

मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं. एरवी तिने सांभाळून घेतलं असतं.

"फळ्या ठोकल्यात तिच्यावर," ती म्हणाली. "मागच्या गल्लीतला सुतार बघेल म्हणून."

"तो बघतोच," मिस्त्री पुटपुटले.

"तो?" बायकोचा आवाज तेव्हा कुठे चढला. "अहो, तो केव्हाच दुकान बंद करून गाव सोडून गेला. तुम्हाला कळणार कसं?"