हिरव्या रंगाखालचा रंधा

बाबा गेल्यावर भावाने त्यांची सगळी हत्यारं कोंढ्याच्या केवळराम सुताराला देऊन टाकली. मला विचारलं नाही. परवा केवळरामच्या बायकोचा फोन आला, "ताई, मंगळवारी नागपूरचा माणूस येऊन राहिला. जुने रंधे नेते म्हणते, हॉटेलाच्या भिंतीले लावाले. तुमच्या बाबाचाही त्यातच असन."

बाबांचा रंधा भिंतीवर लटकणार. मी ठरवलं, त्या माणसाच्या आधी पोचायचं.

तुम्हाला जायचं असेल तर भंडाऱ्याहून अड्याळमार्गे पवनीची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट. हिवाळ्यात शाल न्या, खिडक्या धड लागत नाहीत. धान कापून झालं होतं. शेतातल्या बांध्यांमधले धानाचे पुंजणे धुक्यात घोंगडं पांघरून बसल्यासारखे दिसत होते. बोडीचं, त्या लहानशा तळ्याचं, पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे लागतं ते समजत नव्हतं. माझा डोळा लागला आणि रंध्याचा आवाज यायला लागला, सर्र, सर्र. लहानपणी मी बाबांच्या पायाशी बसून लाकडाच्या छिलप्यांच्या बांगड्या घालायची. एक तुटायची, तोवर दुसरी पडायची. सागाचा वास अंगाला दिवसभर राहायचा.

अड्याळला कंडक्टर ओरडला तेव्हा जाग आली. तिथे तर्री पोहा खा. चहा पिऊ नका, नुसती साखर.

कोंढ्याला उतरलं की केवळरामभाऊंचं घर स्टँडजवळच आहे. सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीवर, रंध्यांचा ढीग होता आणि सगळे रंधे हिरवे. ऑइलपेंटचे.

"हे हिरवे काहून केले, भाऊ?"

"दसऱ्याले रंगवतो, बाई. पूजेत हत्यार चांगलं दिसाले पाहिजे का नाही?"

"बैलबंडीचा रंग उरला होता," वैनी आतून म्हणाल्या. "मी समोर बसली असती तर मलेही फासला असता."

जुना रंधा ओळखायचा तर लाकडाचा रंग आणि रेषा पाहतात. इथे ते काहीच दिसत नव्हतं. राहिला फक्त हात. सुतार वर्षानुवर्षं एकाच जागी धरतो, तिथे अंगठ्याचा खड्डा पडतो. रंग कितीही फासा, खड्डा भरत नाही. मी डोळे मिटून एकेक रंधा हातात घेतला. एकात अंगठा असा बसला की तो खाली ठेववेना.

"हाच," मी म्हणाली.

"न्या मग. तो मोठा गोड चालते. त्यानं मीच लई दारं केली."

पिशवीत टाकला, चहा घेतला. तेवढ्यात नागपूरवाल्याचा फोन आला, तो अड्याळला पोचला होता. भाऊ घाईघाईने बाकीचे रंधे पोत्यात भरायला लागले. एक रंधा त्यांनी पोत्यात नुसताच फेकला.

"तो काहून फेकला?"

"हा हातात बसतच नाही, बाई. आणल्यापासून कोणी चालवला नाही. वाकडा आहे."

मी चहा खाली ठेवला. बाबा डेबरे होते, सगळं काम डाव्या हाताने. त्यांचा रंधा माझ्या उजव्या हातात गोड बसेलच कसा? पोत्यातून तो काढला, डाव्या हातात धरला. खड्डा उजव्या अंगाला होता. पहिला रंधा मी भाऊंच्या हातात परत दिला.

"हा वाकडा नाही, भाऊ. बाबा डेबरे होते."

भाऊंनी तो डाव्या हातात धरून पाहिला आणि मला दिला. परतीच्या एसटीत तो मांडीवर होता. धुकं गेलं होतं, तरी मला बाहेरचं नीट दिसलं नाही.

घरी मोरीचं दार अडकतं, ते काढून आडवं टाकलं. रंधा उलटा धरून तळावरून एका डोळ्याने पाहायचं. पातं केसाएवढंच बाहेर हवं, जास्त काढलं की लाकूड फाटतं. मग पाचर ठोकायची आणि रेषेच्या दिशेने ढकलायचं. मी उजव्या हाताची बाई. डाव्याने आधी नुसता भुसा पडला. दोनदा शिव्या दिल्या. मग सर्र झालं आणि एक लांब छिलपी वळत वळत खाली आली.

मी ती मनगटाला गुंडाळली. आता पुरत नाही. आणि खड्ड्यात माझा अंगठा बसतो, पण जागा उरते.

हिरवा रंग मी खरवडणार नाही. खड्ड्यातला तेवढा आपोआप जाईल.