बासरची ओटी

"तुझं तू लावून घे," मालकीन म्हनली, अन् कुंकवाचा करंडा माह्याकडं सरकवला.

संक्रांतीचं हळदी-कुंकू होतं. गाव कॅनडातलं, बाहेर गुडघाभर बर्फ. मालकिनीच्या दिवाणखान्यात भारी भारी लुगड्यायतल्या बाया. एकेकीले बसवून तिनं आपल्या हातानं हळद लावली, कुंकू लावलं, तिळगूळ देला, वाण देलं. शेजारची गोरी बाई आली होती, तिले तं कपाळ कसं पुढं कराचं ते बी हासून समजावलं. सगळ्यायच्या मागून मी उरली. हातात तिळाच्या लाडवाचं ताट. लाडू बी मीच वळलेले. अन् मले म्हनते, तुझं तू लावून घे, तू तर घरचीच.

आमच्या इकडं बाजारहत्नूरले पाहा, आदिलाबादले पाहा. हळदी-कुंकवाले आलेली बाई गरीब असो का जिच्याशी बोलचाल बंद हाय ती असो, घरवाली उठून तिले आपल्या हातानं लावते. आपलं आपन लावून घ्या असं कोनी म्हनत नाई. म्हनलं तं ती बाई उंबऱ्यातूनच परत जाईन.

मी ताट धरून तशीच उभी.

मालकीन काई परकी नव्हती. आदिलाबादच्याच मोठ्या व्यापाऱ्याची लेक. कॅनडात नवरा-बायकोचं हॉटेल होतं. आमी वांगे, मेथी, टमाटे लावनारे. माहा नवरा आदिलाबादले एका हॉटेलात स्वयंपाकी होता, हात चांगला त्याचा. मालकानं आमाले बासरले बोलावून घेतलं अन् म्हनला, "दोन वर्षं कष्ट करा, पीआर माझ्याकडं लागलं." पीआर म्हंजे तिकडं कायमचं राहाची परवानगी. पोरगी तिकडं शिकन, आमाले कोनी हाकलनार नाई. त्याच्यासाठीच तं घर सोडाचं होतं.

तिथंच, सरस्वती देवीच्या देवळाच्या पायऱ्यायपाशी, मालकिनीनं माही ओटी भरली. नारळ, तांदूळ, खण. "लेकीसारखी ठेवीन," म्हनली. माहे डोळे भरून आले. व्हिसा झाला तो तिच्या हॉटेलात काम कराचा. पीआरचा शब्द तेवढा तोंडी. मी नवऱ्याले म्हनलं, हे बी लिहून मागा. तो म्हनला, "ओटी भरली न तिनं तुही? आता लिहून मागाचं? बरं दिसते का?"

मले बी पटलं. जिची ओटी भरली तिले कोनी दगा देत नाई, असंच लहानपनापासून पाह्यलं होतं.

तिकडं गेल्यावर मालकिनीच्या घराखाली तळघरात एक खोली भेटली. नवरा हॉटेलात. त्याचा परवाना या एकाच मालकाच्या नावाचा, दुसरीकडं काम कराची सोय नाई. मी मालकिनीच्या घरात. भांडे, फरशी, स्वयंपाक, तिच्या सासूचे पाय चेपनं. ही नोकरी नाई म्हने, मदत. पीआरचं इचारलं का मालक म्हने, "चालू आहे." मालकीन म्हने, "तुला काय घाई? घरचीच ना तू." आपलं काम तिच्या हातात हाय, तोंड वर कराचं नाई, असं स्वतःलेच समजावत राह्यली.

त्या दिवशी ताट धरून उभी होती तं दाराकडं नजर गेली. माही गौरी, सात वर्षाची, उकिडवी बसली होती. पाहुन्या बायायच्या बुटाले लागलेला बर्फ फडक्यानं पुसून राह्यली होती. जोड्या लावून ठेवून राह्यली होती. तिले कोनी सांगितलं बी नव्हतं तवा.

एक बाई म्हनली, "किती गुणी पोरगी आहे."

मालकीन म्हनली, "शिकवलंय मी तिला."

अंगाची लाही लाही झाली माह्या. ह्याच्यासाठी आनलं मी हिले? पीआर भेटलं अन् हे कायमचं झालं तं?

मी ताट खाली ठेवलं. पोरीच्या हातातलं फडकं घेऊन बाजूले टाकलं. करंडा उचलून मालकिनीच्या हातात परत देला अन् म्हनलं, "लावाचं असन तं तुमी लावा. नाईतर राहू द्या. अन् हिले काय शिकवाचं ते मी पाहीन, हिची माय मी हाव."

मालकिनीनं काई लावलं नाई. मी पोरीले घेऊन खाली गेली.

दुसऱ्या दिवशी मालकानं नवऱ्याले सांगितलं, "बायकोला माफी मागायला लाव. मग पुढचं बघू." नवरा माह्यापुढं हात जोडून बसला. "एक डाव माग. माह्यासाठी नाई, पोरीसाठी."

"पोरीसाठीच तं नाई मागत," मी म्हनलं.

मालकानं नवऱ्याचं काम बंद केलं, अन् आमी परत आलो. आता आदिलाबादच्या बाजारात भाजी इकतो. नवरा कवा बोलते, कवा दिवसभर बोलत नाई. त्याचं सपन मोडलं, मले बी त्याचं वाईट वाटते. पन माफी मागून राह्यली असती तं पोरीकडं पाहाले तोंड नसतं राह्यलं.

यंदा वसंत पंचमीले मालकीन बासरले आली, नातवाच्या अक्षराभ्यासाले. पोराचं पाटीवर पयलं अक्षर झालं, अन् तिनं माह्या दिराले अन् जावेले पायऱ्यायपाशी बोलावलं. हॉटेलात मानसं पाहिजे होते. मले कोनी बोलावलं नव्हतं. मी गेली.

तेच नारळ-तांदूळ, तेच "लेकीसारखी ठेवीन." जावेनं पदर पसरला, मालकीन ओंजळ भरून वाकली. मी मधात हात घातला.

"पयले पीआरचं लिहून द्या. ओटी मंग."

मालकीन जावेले म्हनली, "हिचं ऐकू नकोस. हिला चांगलं सोसत नाही."

दीर तापला. "वयनी, तुमचं जमलं नाई म्हून आमचं बी मोडता का?"

जाऊ माह्याकडं पाहे, मालकिनीकडं पाहे. मंग तिनं पदर आवरला, कमरेले खोचला. "लिहून द्या, बाई," म्हनली. मालकिनीनं ओंजळीतले तांदूळ ताटात परत टाकले अन् ताट उचलून चालली गेली.

दीर अजून माह्याशी बोलत नाई. मालकिनीच्या मागं लागून तो कवातरी जाईन बी, जावेले घेऊन. मालकिनीले दुसरं घर बी भेटन, ओटीले भुलनारे आमच्यात कमी नाई. भेटू दे. ती बासरले येत राहीन, तं मी बी येत राहीन. आमच्यातल्या कोन्या बाईनं तिच्यापुढं पदर पसरला का माहा हात मधात असन. त्या बाईनंच बाजूले कर म्हनलं तरी मी तो काढनार नाई.