मी नापास केलेले फिरते घर

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेले नाही. बायकोला सांगण्याचा प्रश्नच नव्हता. हे घडले त्याच्या सहा वर्षे आधीच ती गेली. देवापुढे उभा असतानाही मी दुसरेच काहीतरी पुटपुटत राहिलो — आणि कुंभकोणमात देवापुढे उभे राहण्याचे प्रसंग माणसाला हवेत त्याहून अधिक येतात. तुम्ही मला ओळखत नाही. कदाचित म्हणूनच जमेल.

निमित्त एका पुस्तिकेचे. माझ्या धाकट्या भावाची, रघुनाथची, बायको सुभद्रा गेल्या वर्षी वारली. वर्षश्राद्धाला नातलगांत वाटण्यासाठी त्यांचा मुलगा श्रीधर आईच्या आठवणी छापतो आहे. तो पुण्यात नोकरीला असतो. मजकूर त्याने माझ्याकडे तपासायला पाठवला, कारण आमच्या घरात कोणतीही गोष्ट तपासण्याचे काम माझे. त्यात एक आठवण माझ्याविषयी आहे. अण्णाकाकांनी आपल्या कानाच्या जोरावर आई-बाबांचा जीव वाचवला, असे त्याने लिहिले आहे.

ते खोटे आहे. आयुष्यभर मी लोकांच्या हकिगती खोडून काढल्या. पण त्या माझी निंदा करणाऱ्यांच्या होत्या. स्तुती खोडण्याची ही पहिलीच वेळ, आणि हात चालत नाही — हे मला अपेक्षित नव्हते.

आमची तंजावरकडची मराठी ऐकून श्रीधरचे पुण्यातले मित्र हसतात. तीन शतकांपूर्वीचे शब्द आणि वर तमिळ हेल, असे ते म्हणतात. हसोत. पण या प्रकरणात कुणी हसू नये, म्हणून मी हे छापील पुस्तकांतून कमावलेल्या मराठीत लिहितो आहे.

रेल्वेच्या कारखान्यात मी पस्तीस वर्षे डबे तपासले. लांब दांड्याची हातोडी हे माझे हत्यार. लोखंडाच्या सांध्यावर ठोका मारायचा आणि ऐकायचे. सांधा निर्दोष असेल तर नाद घंटेसारखा स्वच्छ येतो आणि हवेत थोडा रेंगाळतो. आत तडा असेल तर नाद जागीच मरतो. माझ्या कानाने नापास केलेला डबा पुढे कुणी पास केला नाही. निवृत्त होताना हातोडी मी मागून घेतली. हा गर्व आहे का? आहे. तो खरा होता, म्हणून तर पुढचे सगळे घडू शकले.

आता सुभद्रेविषयी. ती लग्न होऊन आली तेव्हा आमच्या आईने नियम सांगितला — या घरची सून बाहेरचे शिजवलेले खाणार नाही. सोवळे, आम्ही त्याला मडी म्हणतो. आई गेली. नियम मोडायला तेव्हा कुणाची हरकत असती? माझी. मी मोठा होतो, नियम मी चालू ठेवला. मी स्वतः नोकरीच्या गावी वाटेल तिथे जेवलो, हेही सांगून टाकतो. सुभद्रा मात्र प्रवासाला निघाली की पिशवीत केळी घ्यायची. केळी पुरतील तेवढाच तिचा प्रवास. चाळीस वर्षांत ती मद्रासच्या पलीकडे गेली नाही.

रघू निवृत्त झाला आणि त्याने या नियमावर तोड काढली. मोटारीच्या मागे जोडून ओढायचे एक फिरते घर — आत चूल, पाण्याची टाकी, न्हाणी, झोपायला जागा. नियम मोडायचा नाही आणि जगही पाहायचे! पापनाशमजवळ मुरुगेसन नावाचा एक कारागीर बसचे सांगाडे बांधत असे. असे घर त्याने तोवर एकही बांधले नव्हते. रघूने त्याला चित्रे दाखवली, त्याने महिनाभर विचार केला आणि होकार दिला.

जायचे कुठे? महाराष्ट्रात. आमचे पूर्वज कुठल्या गावाहून आले ते आम्हाला धड ठाऊक नाही. सुभद्रेला त्याची फिकीरही नव्हती. तिला एकच गोष्ट हवी होती. "भावजी," ती मला म्हणाली, "जन्मभर बाजारात तमिळमध्ये भाव केला. एकदा भाजीवालीशी मराठीत भांडायचं आहे. ती मला चार शब्द सुनावेल, मी तिला सहा सुनावेन. मग वांगी घेऊन घरी यायचं. घर तिथंच उभं असेल की!"

श्रीधरने पुस्तिकेत लिहिले आहे की आईला प्रवासाची फारशी हौस नव्हती, ती रघूच्या आनंदासाठी तयार झाली. हे कुणी सांगितले त्याला? मी पाहिले आहे. ती महिनाभर परसात एकाच शेगडीवर अख्खा स्वयंपाक करून पाहत होती — आधी भात, तो उतरवून पिठले, शेवटी दह्यात उडदाचे पीठ कालवून, फोडणी देऊन डांगर पच्चडी — आणि घड्याळ लावून बसत होती. एकदा बावन्न मिनिटांत झाला, तेव्हा शेजारणीला हाक मारून तिने ते सांगितले. हौस नसलेली बाई असे करते?

घर ताब्यात घ्यायच्या दिवशी सकाळी आम्ही तिघे मुरुगेसनच्या शेडमध्ये गेलो. मी हातोडी घेतली होती. तीन तास तपासले. छपरावर नळीने पाणी सोडून आत थेंब येतो का पाहिले. नाही आला. गॅसच्या नळीला साबणाचा फेस लावला, एक बुडबुडा उठला नाही. ब्रेक, टायर, दाराच्या बिजागऱ्या, खिडक्यांचे रबर — काही सापडेना. मुरुगेसन हसत म्हणाला, "अय्या, लग्नाला मुलगी बघतानाही इतकं कुणी बघत नाही."

"बघतात," सुभद्रा आतून म्हणाली. "मला बघायला आले तेव्हा भावजींनी माझे दातसुद्धा मोजले असतील."

सगळे हसले. मीही हसलो. मग मी आत गेलो.

आत चुलीच्या वर सुभद्रेने सांगून एक फळी करून घेतली होती. वाटेत हिसका बसला तरी पडू नयेत म्हणून फळीला गोल भोके पाडून त्यांत पितळेचे पेले बसवले होते. दोन. तिच्या हातची पहाटेची कॉफी बायको गेल्यापासून मी रोज घेत आलो होतो. घरात रोज तीन पेले निघत. इथे दोन भोके होती. मी ती बोट लावून पाहिली — मोजायची काय गरज होती? — आणि त्याच क्षणी रघूने दारातून डोकावून म्हटले, "अण्णा, तीन महिने तुमच्या जेवणाची काळजी नको. कोपऱ्यावरच्या मेसवाल्याला सांगून ठेवलंय. डबा घरपोच येईल."

त्याने ते प्रेमाने म्हटले. त्यात टोमणा नव्हता. मीच तिथे टोमणा ऐकला.

बाहेर येऊन मी वाकलो. गाडीला जोडायचा जो लोखंडी दांडा, तो जिथे घराच्या सांगाड्याला मिळतो तिथला सांधा तेवढा राहिला होता. साऱ्या घराचा भार तिथे येतो. मी ठोका मारला.

नाद स्वच्छ आला. घंटेसारखा. हवेत रेंगाळला. माझ्या पस्तीस वर्षांत असा सांधा मी फार वेळा ऐकलेला नाही. पुन्हा ठोकले — पुन्हा तोच. बस बांधणाऱ्या त्या माणसाने जीव ओतून काम केले होते.

आणि मी उठून उभा राहिलो, हात झटकले आणि म्हणालो, "आत तडा आहे. घाटात तुटेल."

मुरुगेसनचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "अय्या, रंग लावून बघू या." सांध्यावर तांबडे द्रव्य लावून पुसतात आणि वर पांढरी पूड मारतात; तडा असेल तर तांबडी रेघ उमटते. पद्धत बिनचूक आहे, मी ती शेकडो वेळा वापरली होती. त्यासाठीची बाटली शहरातून आणावी लागणार होती, एवढेच. मी काय म्हणालो? "माझा कान मोठा की तुझी बाटली?" त्याच्याच शेडमध्ये, त्याच्या कामगारांसमोर.

रघूने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा घराकडे, आणि मुरुगेसनची माफी मागून सौदा मोडला. सुभद्रा आतून उतरली. दार तिने हलकेच लावले, कडी बसली का ते ओढून पाहिले. "भावजींनी सांगितलं म्हणजे झालं," ती म्हणाली. परतताना मोटारीत ती मागे बसली होती. चोळपुरमच्या तिच्या बहिणीला फोन करून ती सांगत होती की देवानेच वेळेवर सावध केले.

तुम्ही म्हणाल, एका क्षणाचा मत्सर. असे म्हणून सुटता आले असते, तर मी हे लिहायला बसलो नसतो. खरे ते यापुढे आहे.

महिनाभराने एका सकाळी मुरुगेसन आमच्या दारी आला. मी बाहेर ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होतो. रघू देवळात गेला होता. मुरुगेसनने ओट्याखाली चपला काढल्या, पण तो वर चढला नाही. त्याने खिशातून छायाचित्रे काढली. त्याने बाटली आणून परीक्षा केली होती — चारही बाजूंनी. सगळीकडे नुसते पांढरे. एकही तांबडी रेघ नाही. शिवाय एका तज्ज्ञाचे सहीशिक्क्याचे पत्र. तो भांडायला आला नव्हता. म्हणाला, "अय्या, दुसरं गिऱ्हाईक विचारतंय, पण मी थांबवलंय. ताईंनी फळी स्वतः मापं घेऊन करून घेतली होती. त्यांना हवं असेल तर त्यांचंच आहे."

एवढे सोपे होते. मी खोटे बोललो असेही म्हणायची गरज नव्हती. कान चुकला, वय झाले — एवढे म्हटले असते तरी पुरे होते. पण चुकलेला कान! तो शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. मी छायाचित्रे परत केली आणि सांगितले, "आमच्या घरच्यांनी आता विचार सोडला आहे. इथे पुन्हा येऊ नकोस." त्याने चपला घातल्या. निघताना हात जोडले. मी वर्तमानपत्र उचलले.

आतून सुभद्रा कॉफी घेऊन आली. तिने बाहेर कुणाचा तरी आवाज ऐकला होता, म्हणून दोन पेले भरून आणले होते.

"कोण आलं होतं, भावजी?"

"वर्गणीवाला," मी म्हणालो.

"मग थांबवायचं तरी. इतक्या उन्हात आला बिचारा." आणि दुसरा पेला तिने माझ्याच पुढे ठेवला. मी तोही प्यालो.

पहिले खोटे बोलताना माझ्या हातात हातोडी होती आणि डोक्यात राग होता. दुसरे बोलताना काही नव्हते. मला सगळे दिसत होते — एका बाजूला तिचा बाजार, तिची भाजीवाली, आणि दुसऱ्या बाजूला माझी पहाटेची कॉफी आणि माझे नाव. मी निवड केली.

रघूने नंतर पुन्हा कधी तो विषय काढला नाही. त्याची उमेदच गेली. मी मधूनमधून घाटांतल्या अपघातांच्या बातम्या मोठ्याने वाचून दाखवत असे. हेही मीच. दोन वर्षांनी सुभद्रेची मूत्रपिंडे बिघडली. मग आठवड्यातून तीनदा तंजावर, यंत्राला जोडून घ्यायला. तिचा सर्वांत लांबचा प्रवास आता तो होता. पापनाशमवरूनच जातो रस्ता. मुरुगेसनच्या शेडसमोरून.

ते फिरते घर त्याने तिरुचीच्या एका जोडप्याला विकले. मला ते कसे कळले? मी पाहिले. तिच्या आजारातच एकदा तिरुक्करुगावूरच्या देवळात तिच्या नावाने पूजा सांगायला गेलो होतो. गाड्या लावतात त्या जागी ते उभे होते. बाजू चिखलाने माखलेल्या, मागच्या काचेवर दूरदूरच्या गावांची नावे चिकटवलेली. नाशिक होते. कोल्हापूर होते. मी इकडेतिकडे पाहिले, वाकलो आणि खिशातल्या किल्लीने त्या सांध्यावर टकटक केले. किल्लीने काय ऐकू येणार? पण आले.

श्रीधरने एक गोष्ट लिहिलेली नाही, कारण त्याला ती ठाऊक नाही. दर आयुधपूजेला घरातली हत्यारे, सुरी, विळी, रघूची मोटार यांना गंध-कुंकू लावतात. शेडमधल्या त्या दिवसानंतर सुभद्रा माझी हातोडी देव्हाऱ्याजवळ आणून सर्वांत आधी तिला कुंकू लावू लागली. यंत्राला जोडून घेण्याच्या दिवसांतही एकदा लावले — कुंकू दांड्यावर सांडले. मी समोर पाटावर बसून होतो. मी तिला थांबवले नाही. ते सांडलेले कुंकू लाकडात मुरले आहे.

पुस्तिकेतल्या त्या पानावर मी काट मारली आहे आणि समासात लिहिले आहे: सांधा निर्दोष होता, तपासणारा खोटे बोलला. या कागदांची एक प्रत रघूच्या पलंगावर ठेवली आहे. तो मोठ्या तळ्याला फेरी मारून साडेअकराला परततो. बाराच्या सुमारास कोपऱ्यावरच्या मेसमधून जेवणाचा डबा येतो. दोन माणसांचा — रघूचा आणि माझा.